भिंतीचे वय

"आजोबा, ही भिंत कधी बांधली?"

कुलूपवाल्यांच्या हातातली कानस किल्लीच्या दातावर होती तिथेच थांबली. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिले, मग शेजारच्या दुकानाकडे, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न विचारणाऱ्या नातीकडे.

"कोणी विचारलंय?"

"मीच विचारतेय."

"तू विचारतेयस ते दिसतंय मला. तुला विचारायला कोणी लावलंय?"

कुलूपवाल्यांचा जगावर फारसा विश्वास नव्हता आणि तो त्यांच्या धंद्याचा गुण होता. किल्ली हरवली म्हणून कोणी आला की ते आधी घर कोणाचे ते विचारत, मग घरातली माणसे कुठे गेलीत ते विचारत, आणि उत्तरे पटली तरी नवी किल्ली हातावर ठेवताना असे काही बघत की तो बिचारा स्वतःच्याच घरात चोरपावलांनी शिरे. जन्मभर माणसे अशी पारखण्यात घालवलेल्या माणसाला कोणी सरळ प्रश्न विचारला, की त्याला त्यात काहीतरी वाकडे दिसायचेच. त्यातून प्रश्न भिंतीचा.

भिंतीची गोष्ट अशी, की ती पूर्वी मागे होती. एकदा लागून सुट्ट्या आल्या, नगरपालिकेच्या कचेरीला कुलूप लागले (कुलूप यांच्याच दुकानातले), आणि कचेरी उघडली तेव्हा भिंत हातभर रस्त्यावर येऊन उभी होती. त्या हातभर जागेत कुलूपवाल्यांचे स्टूल, किल्ल्या कापायचे यंत्र आणि खुद्द कुलूपवाले बसत. म्हणजे धंदा सगळा त्या हातभरातच चाले. मागच्या खोलीत नुसता अंधार आणि गंजकी कुलपे. आणि एकट्या त्यांचेच पुढे आले होते असेही नाही. शेजारच्या टेलरमास्तरांच्या पायऱ्या पुढे आल्या होत्या, समोरच्या लाँड्रीचे पत्र्याचे छप्पर आले होते. माणसाचे पोट पुढे येते, तेव्हा कोणी तारीख विचारतो का? तसेच ते.

"ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलंय," नात म्हणाली. तिला सगळे टिटवी म्हणत, आणि ते का, हे तिच्याशी घटकाभर बोलल्यावर कोणालाही कळे. "आम्हाला गल्लीचा इतिहास लिहायचाय. कोणाचं घर कुठून कुठपर्यंत आहे, आधी काय होतं, मग काय झालं, सगळं."

"कुठून कुठपर्यंत?" कुलूपवाल्यांनी कानस खाली ठेवली. "हे तुमच्या बाईंनीच सांगितलं, की त्यांना आणखी कोणी सांगितलंय?"

दुपारी ते ग्रंथालयात जाऊन थडकले. ग्रंथपालबाई मृदू आवाजात बोलत. ग्रंथालयातली सवय ती. पण कुलूपवाल्यांच्या मते हळू बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचे असते.

"मुलांना देशाचा इतिहास वाचायला दिला," बाई सांगू लागल्या. "राजे, लढाया, तह, सगळं आवडीनं वाचलं पोरांनी. आणि मग म्हणाली, बाई, यात आमची गल्ली कुठाय? मी म्हटलं, नाहीये तर तुम्हीच लिहा."

"आणि लिहून झाल्यावर ते कुठे जाणार?"

"कुठे जाणार? इथं, या फळीवर."

"फळीवरून पुढे?"

"वाचणारे घेऊन जातील."

"वाचणारे म्हणजे कोण?"

बाईंनी उसासा सोडला. "तेच तर आम्हीही शोधतोय हो हल्ली."

हे उत्तर कुलूपवाल्यांना अजिबात पटले नाही. म्हणून जाताना ते मुलांनी वाचलेले पुस्तकच घरी घेऊन गेले. मोठी अक्षरे, पानोपानी चित्रे. बाईने यात पोरांना नेमके काय शिकवले आहे ते तपासायचे म्हणून वाचायला बसले, आणि तपासता तपासता चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नाही. पहिल्या धड्यातल्या राजाने शेजारचा प्रांत घेतला. दुसऱ्यातल्याने दोन घेतले. तिसऱ्या धड्यात घेणाऱ्यांची आपापसात जुंपली आणि शेवटी तह झाला. कुलूपवाले गंभीर झाले. इथे माणसे अख्खे प्रांत घेऊन घोड्यावर बसलेली दिसत होती, आणि आपण हातभर रस्ता घेतला तर जन्मभर जीव मुठीत धरून बसायचे?

आणि मग ते पान आले. पानावर एका पडक्या भिंतीचा फोटो होता आणि खाली लिहिले होते, की ही भिंत आता सरकारने संरक्षित केली असून तिला धक्का लावणे हा गुन्हा आहे.

"अगं, ऐकलंस का," त्यांनी बायकोला हाक मारली. "ही भिंत बघ. हिला गिलावा नाही, वरच्या विटा पडल्यात, आपली भिंत हिच्यापुढे नवरी दिसेल. आणि हिला धक्का लावायचा नाही म्हणे."

"का?"

"जुनी आहे म्हणून."

"जुनी तर मीही आहे," बायको भांडी पुसत म्हणाली. "मला तर येताजाता धक्के बसतात."

पण कुलूपवाल्यांचे लक्ष नव्हते. नवी भिंत नगरपालिका पाडते आणि जुनी भिंत सरकार जपते. म्हणजे प्रश्न भिंत कुठे आहे हा नव्हताच. प्रश्न तिच्या वयाचा होता. आणि वय काय, सांगू तेवढे.

दुसऱ्या दिवशी टिटवी पेन्सिल घेऊन हजर झाली.

"ही भिंत ना?" कुलूपवाल्यांनी खाकरून सुरुवात केली. "ही माझ्या पणजोबांच्याही आधीची. इथं चौकी होती. एकदा इथून एक सेनापती चालला होता, बरोबर खजिन्याची पेटी, आणि पेटीची किल्ली हरवलेली. सैन्य पगारासाठी खोळंबलेलं. तेव्हा आपल्या पूर्वजांनी या भिंतीला टेकून, सेनापतीच्या बायकोच्या केसातल्या आकड्यानं ती पेटी उघडून दिली. सेनापतीनं भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, ही भिंत इथून हलता कामा नये."

"सेनापतीचं नाव काय?"

"मोठी माणसं आपलं नाव सांगत फिरत नाहीत."

"लढाई कुठली?"

"तुमच्या पुस्तकात आहे ना. तिसऱ्या धड्यातली."

"तिसऱ्या धड्यात तह आहे."

"तहाच्या जरा आधीची."

टिटवीने लिहिले. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "आणि पुरावा? बाई म्हणतात, सांगणारा आपल्या घरचा असला तर पुरावा दुप्पट मागायचा."

कुलूपवाल्यांनी मनात त्या बाईला जे म्हटले ते लिहिण्यासारखे नाही. तोंडाने ते म्हणाले, "पुरावा उद्या बघायला ये. आज भिंतीला आराम आहे."

टिटवी तिथून तडक आजीकडे जाणार हे ओळखून ते तिच्या आधी दुकानालगतच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात पोचले. "ती भिंतीचं विचारेल. तू फक्त आठवत नाही म्हण."

"आठवत नाही कसं? घमेली मी उचलली होती. कंबर अजून आठवण देते."

"कंबरेला आठवू दे. तू आठवू नकोस."

बायकोने टिटवीला सांगितले की आठवत नाही. आणि एकदा विसरायचे ठरवल्यावर तिने ते मन लावून केले. त्या दिवसापासून तिला नवऱ्याचा चष्मा कुठे आहे ते आठवेना, सदऱ्याची बटणे लावायची आठवेना, चहा तर रोजच विसरायला होऊ लागला. एका सकाळी कुलूपवाले अंगणातून आत आले तर तिने दारात उभे राहून, "आपण कोण?" म्हणून चौकशी केली.

इकडे त्याच दुपारी गल्लीत सामसूम झाल्यावर कुलूपवाल्यांनी पुराव्याचे काम हाती घेतले. छिन्नीने जागोजागी गिलावा उडवला. चहाचा चोथा उकळून त्याचे पाणी भिंतीवर मारले. काजळी फासली. शेवटी मागच्या खोलीतली एक भलीमोठी गंजकी कडी काढून ती भिंतीत ठोकून बसवली. सेनापतीचा घोडा कुठेतरी बांधायला हवाच होता. हातोड्याच्या आवाजाने टेलरमास्तर गळ्यात टेप घेऊन बाहेर आले.

"काय चाललंय हो?"

"काही नाही. कडी सापडली."

"कुठे?"

"भिंतीत."

"काल नव्हती ती."

"आत होती. आज बाहेर आली."

टेलरमास्तर आत गेले, पण त्यांचे यंत्र काही सुरू झाले नाही. शिंप्याच्या यंत्राचा आवाज बंद पडला की शिंपी विचार करत असतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. हा माणूस स्वतःची चांगली भिंत विद्रूप करतोय, त्या अर्थी याला वरून काहीतरी कळलेय. रस्ता रुंद होणार. जुने तेवढे राहणार. आणि हा बदमाष आपल्याला सांगत नाही.

संध्याकाळी टिटवी मास्तरांकडे गेली, तेव्हा त्यांच्या पायऱ्यांवर ओल्या मातीचा लेप होता आणि मास्तर त्या लेपावर तांब्याने पाणी घालून शेवाळे उगवायची वाट पाहत होते. पायऱ्या फारच जुन्या आहेत, असे त्यांनी सांगितले. किती, तर ज्या राणीने इथे बसून झग्याचे माप दिले, तिच्याही आधीच्या. लाँड्रीवाला तर त्याच्याही पुढे गेला. त्याच्या छपराचा पत्रा म्हणजे म्हणे सेनापतीची ढाल, ठोकून सपाट केलेली. ढाल एवढी मोठी कशी, असे टिटवीने विचारले. सेनापती जाडा होता, असे उत्तर मिळाले.

आता भांडण अटळ होते.

"मास्तर, तुमच्या पायऱ्या माझ्या भिंतीपेक्षा जुन्या कशा? मी भिंत बांध..." कुलूपवाल्यांनी जीभ चावली. "माझ्या पूर्वजांनी भिंत बांधली तेव्हा तिथं पायऱ्या नव्हत्या."

"मग तुमचा सेनापती चौकीत चढला कसा? उडी मारून? आधी पायऱ्या, मग भिंत. साधा हिशोब आहे."

"शिवायचं बघा. हिशोब कशाला करताय?"

"आणि तुम्ही किल्ल्या करा. सेनापती कशाला करताय?"

आपण काय बोललो आणि समोरच्याला काय काय माहीत आहे, हे दोघांनाही एकाच वेळी उमगले. मग कुलूपवाल्यांनी मास्तरांना आत बोलावले, दार ओढून घेतले, आणि तिसऱ्या धड्यात झाला होता तसाच एक तह झाला. सेनापती पायऱ्या चढूनच चौकीत आला. त्याची बायको म्हणजेच राणी. तिने खालच्या पायरीवर माप दिले आणि वरच्या पायरीवर केसातला आकडा काढून दिला. भिंत आणि पायऱ्या एकाच दिवशी बांधल्या. लाँड्रीवाल्याला त्यात घ्यायचे की नाही यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी त्याची ढाल तेवढी ठेवली.

मुलांचे पुस्तक तयार झाले. पुठ्ठ्याचे वेष्टन, दोऱ्याची शिवण, आत रंगीत चित्रे. सेनापतीचे चित्र टिटवीने काढले होते आणि सेनापतीच्या नाकावर कुलूपवाल्यांचा चष्मा होता. ग्रंथालयाच्या फळीवर, देशाच्या इतिहासाच्या शेजारी, गल्लीचा इतिहास जाऊन बसला. कुलूपवाले रोज काहीतरी निमित्त काढून तिकडे जात आणि पुस्तक जागेवर आहे ना, हे बघून येत. एके दिवशी ते जागेवर नव्हते.

"नेलं ना एकांनी," बाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "सरकारी गृहस्थ वाटले. उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि विचारलं, ही गल्ली कुठं आली?"

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. वाचकाला मदत करायची नाही तर मी इथं कशाला बसलेय?"

घरापर्यंत कुलूपवाले भिंतींना धरून चालत आले, सगळ्या दुसऱ्यांच्या भिंतींना.

साहेब दुसऱ्याच दिवशी उगवले. काखेत मुलांचे पुस्तक, हातात मोजपट्टी. त्यांनी भिंत मोजली, पायऱ्या मोजल्या, कडी हलवून पाहिली, चहाच्या डागावर बोट घासून ते नाकाशी नेले. कुलूपवाले आणि टेलरमास्तर दारात जोडीने उभे होते, जणू दोघांच्याही घरी एकच बातमी येणार होती. टिटवी शाळेतून येऊन साहेबांच्या मागे मागे फिरत होती.

"कुठल्या खात्याचे म्हणायचे आपण?" अखेर कुलूपवाल्यांनी विचारले.

"प्राचीन वास्तू."

"म्हणजे पाडणारं नाही?"

"पाडणारं?" साहेबांचा चेहरा दुखावला. "अहो, आम्ही जपणारे. तुम्हाला कल्पना नाही, तुमच्या गल्लीत काय आहे ते. हे या मुलांनी उजेडात आणलं म्हणून कळलं. आज ही भिंत आणि या पायऱ्या आम्ही ताब्यात घेतोय. यापुढे नगरपालिकाच काय, कोणी इथं बोट लावू शकणार नाही."

टेलरमास्तरांनी कुलूपवाल्यांचा हात दाबला. कुलूपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आले. जन्मात पहिल्यांदा त्यांना एक सरकारी माणूस मनापासून आवडला.

"कोणीच नाही ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

"कोणीच नाही. तुम्हीसुद्धा नाही. कानशीच्या घासण्यानं भिंतीला हादरे बसतात, तेव्हा हे यंत्र, हे स्टूल उद्यापर्यंत हलवा. आत बसायचं नाही. भोवती कुंपण येईल. मास्तर, तुम्ही मागच्या दारानं येजा करा. पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही."

मास्तरांना मागचे दार होते. कुलूपवाल्यांना मागे नुसती अंधारी खोली होती आणि तिच्यात शिरायची वाट या हातभर जागेतूनच होती. ते साहेबांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. ही भिंत मी बांधलीय."

साहेब समजूतदारपणे हसले. "असं सगळेच म्हणतात हो. कुंपण म्हटलं की म्हणतात. मागे एकानं अख्खा बुरूज आपण बांधला म्हणून लिहून दिलं होतं."

"माझ्या बायकोला विचारा. घमेली तिनं उचललीत." ते लगतच्या घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, बाहेर ये. साहेबांना सांग, भिंत कधी बांधली."

बायको पदराला हात पुसत दारात आली. तिने साहेबांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

"मला आठवत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

"बघा," साहेब म्हणाले. "त्या बिचाऱ्या तुमच्यासाठीसुद्धा खोटं बोलायला तयार नाहीत."

"साहेब, ती कडी मी ठोकलीय. ते डाग चहाचे आहेत. सेनापती बिनापती कोणी..."

आणि इथे त्यांचे लक्ष टिटवीकडे गेले. साहेबांनी तिच्या हातात तिचे पुस्तक परत दिले होते. ते छातीशी धरून ती उभी होती. शाळेत, ग्रंथालयात, गल्लीत, जिथे तिथे ती गेला आठवडाभर हेच सांगत फिरली होती, की आमच्या आजोबांच्या पूर्वजांनी सैन्याचा पगार करून दिला. आज प्रथमच ती काही बोलत नव्हती. नुसती बघत होती.

"सेनापती काय, आजोबा?"

कुलूपवाल्यांनी एकदा यंत्राकडे पाहिले. एकदा त्या स्टुलाकडे, ज्याच्यावर त्यांच्या बसण्याने खळगा पडला होता. मग ते म्हणाले, "सेनापती कोणी साधासुधा नव्हता, असं सांगत होतो मी साहेबांना. मघाचं ते जरा साहेबांची परीक्षा बघायला बोललो. सरकारी माणूस, म्हटलं, पारखून घ्यावा."

साहेब खूष झाले. "उत्तीर्ण झालो ना?"

"झालात," कुलूपवाले म्हणाले आणि स्टूल उचलायला वाकले.

कुंपण आले. पाटी आली. आतल्या दाराला सरकारी कुलूप लागले, आणि ते इतके हलक्या प्रतीचे होते की त्याच्याकडे बघवत नव्हते. कुलूपवाल्यांनी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला स्टूल मांडले, शेजारी पेटीवर यंत्र ठेवले आणि कानस हातात घेतली. शाळा सुटल्यावर टिटवी येऊन पेटीच्या कडेला टेकली.

"आजोबा," ती म्हणाली, "त्या विटांवर कारखान्याचा शिक्का आहे. तुम्ही गिलावा उडवला ना, तिथं दिसतो. आपल्या शाळेच्या नव्या संडासालाही त्याच विटा आहेत."

कुलूपवाल्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतले. "हे तुला कधी कळलं?"

"कडी बघायला बोलावलंत त्याच दिवशी."

"मग लिहिलंस कशाला ते सगळं?"

"तुम्ही एवढा चहा उकळला होता. मला वाटलं, दुकान पाडतील म्हणून घाबरलाय."

"आणि त्या दिवशी गप्प का उभी राहिलीस? सांगायचंस साहेबांना."

"सांगणार होते. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, सेनापती साधासुधा नव्हता. मग मला वाटलं, तुम्हाला तो हवाच आहे."

कुलूपवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांवर संशय घेतला, शेजाऱ्यांवर घेतला, हळू बोलणाऱ्या बाईवर घेतला. घरातल्या या पोरीवर तेवढा घ्यायचा राहून गेला होता. त्यांनी किल्ली यंत्राच्या तोंडात धरली आणि घासायला सुरुवात केली. नगरपालिकेचा एक माणूस सायकलवरून चालला होता. तो पाटीपाशी थांबला, पाटी आदराने वाचली आणि मग रस्त्यात मांडलेल्या या स्टुलाकडे त्याची नजर वळली.

"काय हो बाबा, इथं कधीपासून बसताय?"

"इथं?" कुलूपवाल्यांनी मान वर न करता किल्लीवर फुंकर मारली. "इथं आमचं घराणं सेनापतीच्याही आधीपासून बसतंय."

माणूस मान डोलावून निघून गेला. टिटवीने दप्तरातून पेन्सिल काढली आणि तिचे टोक बघत विचारले, "आजोबा, हे लिहू का नुसतं ऐकू?"

"नुसतं ऐक," कुलूपवाले म्हणाले.